‘मी जाऊलो’ : एक नाटक बसवताना शिकलेलं

(कॉलेजच्या मुलामुलींच्या एका मेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलंय, थोडं आवरून.)



मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला इथं बोलावताना सांगितलं गेलं, "तुमच्या त्या खिडकीच्या नाटकाबद्दल बोला, मुलांना स्फूर्ती मिळेल." स्फूर्तीचं मला माहीत नाही. पण ते नाटक बसवताना मी चुका भरपूर केल्या, आणि त्या तुमच्या उपयोगाच्या आहेत. म्हणून त्याच सांगते.

आधी नाटकाची गोष्ट. एक आजी आहे. नवरा वारलाय. पेन्शनचा अर्ज करायचाय. ती ऑफिसच्या खिडकीशी येते. अर्ज तिला वाचता येत नाही. आतला कारकून म्हणतो, भरून आणा. ती कुणाकडून तरी भरून आणते. तो म्हणतो, हे चुकलंय, ते जोडलेलं नाही, उद्या या. ती उद्या येते. परवा येते. शेवटी जेवणाची सुट्टी होते, खिडकी बंद होते आणि नाटक संपतं. पंचवीस मिनिटं. नाव ‘खिडकी’. अकरा मुलंमुली, एक लाकडी चौकट, एक स्टूल आणि भरपूर कागद. स्टेज नाही, पडदा नाही, लाईट नाही, मेकअप नाही. प्रेक्षक गोल बसणार आणि आम्ही मधे.

आता तुम्ही म्हणाल, याला नाटक म्हणायचं काय? आमच्या घरीही हेच विचारलं. आपल्याकडं गावच्या यात्रेत नाटक होतं, गणपतीत होतं. पडदा पाहिजे, पेटी-तबला पाहिजे, शेवटी खलनायक मेला पाहिजे. आणि ‘प्रायोगिक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं? अंधार, एक खुर्ची, आणि एक माणूस उगीच किंचाळतोय. कुणाला काही कळत नाही, आणि कळलं नाही म्हणून सगळे टाळ्या वाजवतात.

पण प्रायोगिक म्हणजे ‘न कळणारं’ नव्हे. ज्या गोष्टी नाटकाला लागतातच असं आपण धरून चाललोय, त्यातली एखादी काढून बघायची. ती नसताना काय उरतं ते तपासायचं. हे आपल्याकडं नवीन नाही.

मराठी रंगभूमीची सुरुवात आपण १८४३ सालापासून सांगतो. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. पण ते करायची कल्पना कुठून आली? कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीच्या राजांपुढे खेळ करून गेली, आणि राजे भाव्यांना म्हणाले, असं काहीतरी आपल्या भाषेत करा. म्हणजे मराठी नाटकाचं पहिलं पाऊलच कानडी मुलखातून आलेल्या खेळाच्या मागोमाग पडलंय. पुढं १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच भागातल्या गुर्लहोसूरचे, आणि नोकरीनिमित्त ते बेळगावात राहिलेले. त्यांच्या काळात भावे आणि किर्लोस्कर हेच ‘प्रायोगिक’ होते.

नंतरचं सांगायचं तर १९७२ चं ‘घाशीराम कोतवाल’. त्यात पडद्याचं, भिंतीचं काम माणसांची रांगच करते. मग १९७४ पासून मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये झालेले प्रयोग. मोठं थिएटर परवडत नव्हतं, म्हणून अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’नं शाळेचा हॉल घेतला, आणि त्या हॉलनं एक अख्खी पिढी घडवली.

तिकडं कलकत्त्यात बादल सरकार. पेशानं नगररचनेतले इंजिनिअर. ‘एवम् इंद्रजित’सारखं गाजलेलं नाटक लिहून झाल्यावर त्यांनी थिएटरच सोडलं. प्रेक्षक अंधारात आणि नट उजेडात, हे त्यांना पटेना. दोघं एकाच उजेडात पाहिजेत, एकमेकांचे डोळे दिसले पाहिजेत. नाटक उचलून कुठंही नेता आलं पाहिजे आणि त्याला फार पैसे लागता कामा नयेत. याला ते ‘तिसरी रंगभूमी’ म्हणाले. त्यांच्या ‘मिछिल’चं ‘जुलूस’ म्हणून मराठीतही रूप झालं.

आणि चौथं नाव ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलचं. हा माणूस मला राज्यशास्त्राच्या वाचनात भेटला. हुकूमशाहीनं १९७१ मध्ये त्याला पकडलं, छळ केला, देश सोडायला लावला. १९७३ मध्ये तो पेरूत साक्षरता मोहिमेत काम करत होता, आणि तिथं त्याची एक पद्धत तयार झाली. नाटक एकदा पूर्ण करायचं. त्यात ज्याच्यावर अन्याय होतो तो हरलेला दाखवायचा. मग तेच नाटक पुन्हा सुरू करायचं, पण या वेळी प्रेक्षकातल्या कुणालाही "थांबा!" म्हणता येतं. त्यानं उठायचं, त्या हरलेल्या माणसाच्या जागी उभं राहायचं आणि स्वतः काय केलं असतं ते करून दाखवायचं. पुढं हाच बोआल रिओ शहराच्या सभागृहात निवडून गेला, १९९३ ते १९९६. लोकांबरोबर अशी नाटकं करत त्यातून कायद्यांच्या सूचना काढल्या, आणि त्यातल्या १३ चे कायदे झाले. आपल्या देशात बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली ‘जन संस्कृति’ ही संस्था अशा पद्धतीचं काम करतेय.

हे वाचलं आणि मला वाटलं, आपल्याला हेच करायचंय. इथून माझ्या चुका सुरू होतात.

आम्ही संहितेशिवाय सुरुवात केली. पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, कुठल्यातरी खिडकीसमोर तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी उभं राहिलंय, ती आठवण सांगा. रेशन, गॅस, बँक, रेल्वेचं तिकीट, दवाखान्याचा केसपेपर. अकरा जणांच्या अकरा गोष्टी निघाल्या, आणि त्यातल्या सात आजीच्या होत्या. नातवाला बरोबर घेऊन गेलेली आजी, आणि नातवालाही वाचता येत नाही असा कागद. म्हणून नाटकात आजी आली.

आजीचं काम करायला खानापूर तालुक्यातली एक मुलगी होती. बी. ए.च्या पहिल्या वर्षाची. पहिल्या तालमीत ती नुसती चालून आली आणि आम्ही गप्प झालो. पाठीतून वाकणं नाही, हात थरथरवणं नाही. फक्त पाऊल टाकण्याआधी जमीन बघायची. तेवढ्यात सत्तर वर्षं दिसली.

मग ती बोलली. खिडकीत बघून म्हणाली, "उद्या परत येतो बाबा. आता जाऊलो मी."

आणि मी, दिग्दर्शिका, म्हणाले, "थांब. ‘जाऊलो’ काय? ‘जातेय’ म्हण. आणि ‘येतो’ नाही, ‘येते’. तू बाई आहेस."

तुम्ही हसलात. कारण तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडं बायका असंच बोलतात. ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो.’ बेळगावात, खानापुरात, चंदगडात, पार कोल्हापूरपर्यंत. पुण्याची पाहुणी आली की तिला वाटतं आम्ही चुकतोय. मलाही तेच वाटलं. डोक्यात एकच, की हे नाटक स्पर्धेला न्यायचंय, परीक्षक बाहेरचे असणार, भाषा शुद्ध पाहिजे.

आठवडाभर मी तिला सुधारत राहिले. ती म्हणायची ‘काय करुलास’, मी म्हणायची ‘काय करतोयस’. ती मान हलवून तसं म्हणायची. पण तिचं चालणं गेलं. पाऊल टाकण्याआधी जमीन बघणं गेलं. आजी गेली आणि पाठांतर करणारी एक पोरगी उरली. मला वाटलं, हिला जमत नाही. आणि एक दिवस ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर म्हणाली, "बस चुकूलीय अक्का."

त्याच संध्याकाळी तालीम चालू असताना माझ्या आईचा फोन आला. मी उचलला आणि म्हटलं, "आई, येऊलो. अर्ध्या तासात पोचतो."

फोन ठेवला आणि बघते तर दहाच्या दहा जण माझ्याकडं बघताहेत. एक कार्टं म्हणालं, "अक्का, ‘येतेय’ म्हण की. तू बाई आहेस."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना बसमध्ये मला स्वतःची लाज वाटली. भाषा हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. भाषिक अल्पसंख्याकांवर मी पेपर लिहिलाय. मातृभाषेतून शिक्षण, कलम ३५० ‘अ’, सगळं पाठ आहे. आणि माझ्यासमोर एक मुलगी तिच्या आजीच्या भाषेत उभी होती, तर मी तिला गप्प केलं. खिडकीतला कारकून नाटकात यायच्या आधी तालमीत मीच होते. "हे चुकलंय, नीट करून आण, उद्या ये."

दुसऱ्या दिवशी खानापूरची बस धरली. तिच्या घरी अंगणात भात वाळत घातलेलं, आणि ती कोंबड्या हाकत बसलेली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "राग नाही अक्का. पण तुम्ही सांगितल्यासारखं बोलायला गेलं की अर्धं ध्यान त्या ‘ते’कडं जातंय. मग आजी कशी करू?"

दिग्दर्शनावरची पुस्तकं मी चार वाचली होती. हे एक वाक्य त्या चारांपेक्षा जास्त कामाचं निघालं. नटाचं लक्ष एकाच ठिकाणी असू शकतं. ते तुम्ही भाषा सांभाळण्यात गुंतवलं, तर माणूस सांभाळायला कुणी उरत नाही. प्रमाण भाषा वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी आत्ता जवळपास त्याच भाषेत बोलतेय. पेपर लिहायला ती पाहिजे, बाहेरगावच्या माणसाशी बोलायला पाहिजे. पण पेन्शनच्या खिडकीसमोर उभी राहिलेली खानापूरची आजी त्या भाषेत बोलत नाही. तिला तशी बोलायला लावली तर ते खोटं होतं.

ती परत आली. ‘जाऊलो’ परत आला. चालणंही परत आलं.

दुसरी चूक यापेक्षा अवघड होती.

आमच्या अकरांमध्ये तीन जण घरी कन्नड बोलणारे आणि एक उर्दू बोलणारा. बेळगावातल्या कॉलेजात हे असंच असणार. कारकुनाचं काम एका कन्नड बोलणाऱ्या मुलाकडं होतं. उंच, आवाज खणखणीत, चष्मा घातला की हुबेहूब साहेब. तो कन्नडमध्ये खेकसायचा आणि आजी बावरायची. तालमीत हा सीन जोरात व्हायचा. बघायला येणारी आमची मराठी पोरं टाळ्या वाजवायची.

तिसऱ्या आठवड्यात तो एकदा सगळे गेल्यावर थांबला. म्हणाला, "अक्का, एक विचारू? मी कायम खिडकीच्या आतच काय?"

मी म्हटलं, तुझा आवाज चांगला आहे म्हणून.

तो म्हणाला, "आवाज नाही. भाषा. मी कन्नड बोलतो म्हणून आत. माझ्या अज्जीला बँकेचं पत्र इंग्लिशमध्ये येतं. ती कन्नड वाचते, पण ते पत्र तिला येत नाही. ती पण खिडकीसमोरच उभी आहे. तिला कुठं ठेवणार?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. मनात आलं, आमचं दुखणं वेगळं आहे, ते असं पातळ करू नकोस. आणि ते वेगळं आहेच. ज्या भाषेत राज्य चालतं ती तुझ्या घरची भाषा असणं आणि नसणं, यात फरक आहे. मी तो फरक पुसायला तयार नव्हते, आजही नाही. पण त्याची अज्जी खोटी नव्हती. आणि माझ्या नाटकात एका भाषेची सगळी माणसं चांगली आणि दुसऱ्या भाषेची सगळी वाईट झाली होती. असं नाटक बघून प्रेक्षकाला काही करावंसं वाटत नाही. तो घरी जाऊन म्हणतो, "बघा, ते तसेच आहेत." आणि झोपतो.

दोन दिवस तालीम बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी चौकटीनं वाट दाखवली. ही चौकट आम्हाला शहापुरात पाडलेल्या एका जुन्या घराच्या ढिगाऱ्यातून मिळाली होती, फुकट. दोघं जण ती हातात धरून उभे राहायचे. धरणाऱ्यांपैकी एकाचा हात दुखला म्हणून त्यानं बाजू बदलली, चौकट गर्रकन फिरली, आणि आतला कारकून बाहेर आला. आम्ही सगळे एकदम ओरडलो, "हेच!"

मग नाटक असं झालं. आजीची खिडकी बंद होते. चौकट फिरते. तोच कारकून आता बाहेर आहे, बरोबर त्याची अज्जी आहे, आणि आतून कुणीतरी इंग्रजीत बोलतंय. तीन मिनिटांचा सीन. तो संपला की चौकट पुन्हा फिरते, तो पुन्हा आत बसतो आणि आपल्या आजीला म्हणतो, "उद्या या." आता तो हे म्हणतो तेव्हा बघणाऱ्याला जास्त लागतं. कारण याला माहीत आहे, बाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं. तरीही तो म्हणतो.

आजीचा अन्याय यानं पातळ झाला नाही. उलट घट्ट झाला.

आता प्रयोगांबद्दल.

पहिला प्रयोग एका सेमिनार हॉलमध्ये झाला. साठेक मुलं. नाटक बरं झालं. मग मी सूत्रधार म्हणून उभी राहिले आणि सांगितलं, आता पुन्हा करणार आहोत, कुठंही "थांबा" म्हणा आणि आजीच्या जागी या. नाटक पुन्हा झालं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुणीही "थांबा" म्हटलं नाही. पंचवीस मिनिटं मी वाट बघत उभी. ती शांतता मी विसरणार नाही. आणि ती भरून काढायला मी काय केलं? भाषण. कलम ३५०, ३५० अ, ३५० ब, १९५६ ची सातवी घटनादुरुस्ती. दहा मिनिटं. पोरं मोबाईल बघत होती.

दुसरा प्रयोग स्पर्धेत. तिथं स्टेज सक्तीचं होतं, म्हणून गोल मोडून आम्ही समोर तोंड करून उभे राहिलो. नाटक मेलं. एका परीक्षकांनी शेवटी सांगितलं, "विषय चांगला, पण उच्चारांवर काम करा, नायिकेचं व्याकरण कच्चं आहे." आजीचं काम करणारी ती मुलगी माझ्याकडं बघून हळूच हसली. बक्षीस मिळालं नाही. त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही.

तिसरा प्रयोग वडगावात, मागवाल्यांच्या एका गल्लीत, देवळासमोरच्या कट्ट्यावर. संध्याकाळी सातची वेळ. शेजारी माग चालू, त्यामुळं ऐकायला येईना. मग आमच्या पोरांनी त्या खटखटीचाच ताल धरला. रांग पुढं सरकते ती मागाच्या ठेक्यावर. हे बसवलेलं नव्हतं, तिथंच सुचलं.

या वेळी मी एक शहाणपणा केला. नाटकाआधी सगळ्या गल्लीकडून तीन वेळा मोठ्यानं "थांबा!" म्हणवून घेतलं. पोरंटोरं तर ओरडायलाच बसली होती. तोंड एकदा उघडलं की पुन्हा उघडायला सोपं जातं. सेमिनार हॉलमध्ये मी हेच केलं नव्हतं.

पहिला उठला तो एक तरुण पोरगा. आजीच्या जागी आला आणि त्यानं थेट कारकुनाची कॉलर धरली. शिट्ट्या पडल्या. मी थांबवलं आणि लोकांना विचारलं, "पेन्शन मिळाली काय?" लोक म्हणाले, "नाही!" कुणीतरी म्हणालं, "आजी आत गेली!" हशा.

दुसरा आला. त्यानं खिशातून फोन काढला, मोठ्या नेत्याशी बोलल्यासारखं केलं, आणि म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, करून टाका. मी विचारलं, "तुमच्यातल्या किती जणांकडं तो नंबर आहे?" एकही हात वर नाही. अशा उपायाला बोआल जादू म्हणायचा. म्हणून सूत्रधाराचं काम एवढंच: हे खरंच होईल काय, हे लोकांनाच विचारायचं. आपण निकाल द्यायचा नाही.

मग मागून एक बाई उठल्या. साठीच्या असतील. हळूच म्हणाल्या, "थांबा." त्या येऊन खिडकीसमोर उभ्या राहिल्या नाहीत. खाली बसल्या. मांडी घालून. कारकुनाकडं वर बघून म्हणाल्या, "वाचून दाखव बाबा. ऐकतो मी. कळलं की अंगठा देतो."

ऐकतो मी. देतो. परीक्षकांनी ऐकायला पाहिजे होतं.

आमचा कारकून गडबडला. म्हणाला, "अज्जी, मागं रांग आहे." बाई रांगेकडं वळल्या. "तुमच्यात किती जणांना हे वाचायला येतंय?" रांगेत आमचीच पोरं, आपापल्या भूमिकेत. कुणी हात वर केला नाही. "मग उभारून काय करुलास? बसा सगळे." आणि रांग बसली. मी काही सांगितलं नव्हतं. एक-एक करत नऊ जण खाली बसले.

कारकून एकटा उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान खाली घातली. मग तो चौकटीतून बाहेर आला, बाईंच्या शेजारी बसला आणि अर्ज वाचायला लागला. कन्नडमध्ये. एकेका ओळीनंतर आमची खानापूरची मुलगी ते मराठीत सांगायची. माग चालूच होते. पण ऐकू येत होतं.

आता खरं बोलूया. यानंतर एक रिक्षावाले काका उठून म्हणाले, "नाटकात बसलात. खऱ्या ऑफिसात बसाल तर बाहेर काढतील." बरोबर होतं त्यांचं. मग चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, लेखी द्यायचं. कुणी म्हणालं, लेखी कुठल्या भाषेत? एका मावशींनी विचारलं, "मराठीत दिलेलं चालतंय काय?"

या वेळी मी तीनच वाक्यं बोलले. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. अर्ज तुमच्या भाषेत छापून द्या असं ते कलम म्हणत नाही. पण तक्रार तुमच्या भाषेत द्यायचा हक्क तुम्हाला आहे.

मावशी म्हणाल्या, "नंबर काय म्हटलास? हातावर लिही."

मी त्यांच्या तळहातावर पेनानं ३५० लिहिलं. मग आणखी तिघींनी हात पुढं केले.

सेमिनार हॉलमधलं दहा मिनिटांचं भाषण आणि हा आकडा, माहिती तीच होती. फरक एवढाच, की इथं प्रश्न आधी विचारला गेला होता. प्रश्न पडायच्या आधी उत्तर दिलं की ते वाया जातं. राज्यशास्त्राच्या वर्गात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोड झालं. आम्ही दोघं-तिघं रविवारी त्या कट्ट्यावर बसून लोकांचे अर्ज वाचून देतो, भरून देतो. तो कारकून झालेला मुलगा कन्नड वाचतो, आम्ही मराठीत लिहून घेतो. पहिल्या रविवारी सात जण आले. त्यातले दोन अर्ज मंजूर झाले. पाच अजून तसेच आहेत. नाटकानं खिडकी उघडत नाही. पण खिडकीसमोर काय-काय करता येतं, त्याची तालीम होते. आणि तालीम झालेला माणूस खिडकीशी थोडा वेगळा उभा राहतो, एवढं मी बघितलंय.

तुमच्यातल्या ज्यांना असं काही करायचंय, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

एक. संहितेआधी प्रश्न शोधा, आणि तो तुमच्या गटातल्या प्रत्येकाच्या घरात आहे का बघा. एकट्या दिग्दर्शकाचा प्रश्न असेल तर बाकीचे फक्त हुकूम पाळतील.

दोन. शेवटच्या बसची वेळ आधी विचारा. मग तालमीची वेळ ठरवा. आम्ही आधी सहा ते आठ ठेवली होती, आणि खेड्यातल्या मुली गळतात म्हणून कुरकुरत होतो. पावणेपाच ते साडेसहा केल्यावर एकही गळली नाही. निष्ठा कमी नव्हती, बस नव्हती.

तीन. पैशाचं कारण सांगू नका. आमचा तीन प्रयोगांचा सगळा खर्च ३,४०० रुपये. त्यातले निम्मे चहा आणि वड्याचे.

चार. जी माणसं नाटकात आहेत, त्यांच्यासमोर प्रयोग करा. स्पर्धा करा, जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. आजीचं नाटक आजींनी बघितलं नाही, तर ते बरोबर आहे की चूक हे सांगणार कोण?

आणि एक शेवटचं. तुमच्या गटात कुणी ‘जाऊलो’ म्हणणारी असेल, ‘करुलास’ म्हणणारा असेल, तर त्याला लगेच थांबवू नका. आधी ऐका. आपण आपल्या भाषेसाठी भांडतो, तेव्हा ती नेमकी कुणाची भाषा असते? पुस्तकातली, की घरात फोन आल्यावर तोंडातून येते ती? माझ्यापुरतं उत्तर मला त्या तालमीत मिळालंय.

आता माझीही बस आहे. आई वाट बघत असेल.

येतो मी.